पारड्याखालची चिंच

यांना जाऊन सव्वा महिना झाला. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच बोलतो, "मास्तरांनी अफू सोडत आणली होती, केवढा निग्रह!" मी मान डोलवते. त्या मान डोलवण्याची आता मलाच लाज वाटते, म्हणून हे लिहिते आहे.

हे सीताबर्डीपलीकडच्या सदर भागात एका शाळेत मास्तर. पोटशूळासाठी अफू सुरू झाली. पोट बरं झालं, अफू राहिली. आमच्याकडे तान्ह्या लेकरांनाही ती बोटाने चाटवतात, त्यामुळे इतकी वर्षं कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. गेल्या साली यांनाच दिसलं. महाल भागातल्या एका वैद्यबुवांनी तोड सांगितली. रोज खडूच्या एकाच तुकड्याने भिंतीवर रामनाम लिहायचं आणि मग त्या खडूच्या भारोभार अफू तोलून घ्यायची. खडू झिजेल तशी अफू कमी होईल. मास्तरांना खडूचा उपाय! हे बेहद्द खूश झाले.

खडू झिजू लागला आणि या शांत माणसाच्या अंगात कोण शिरलं देव जाणे. हातपाय ठणकत, नाक गळे, आणि सगळा राग माझ्यावर. "वरणाचं पाणी काहून करून ठेवलं? मले मारून राहिली काय तू?" की ताट भिंतीवर. बावीस वर्षांत मला कधी 'चूप' म्हणाले नव्हते हो... पंधराव्या दिवशी तापलेला तवा माझ्या पायाशी येऊन पडला. महिनाभर सोसा, मग उतार पडेल, असं वैद्यबुवांनी बजावलं होतं. मी पंधरा दिवसच सोसलं.

दुसऱ्या दिवशी हे आंघोळीला गेले तेव्हा खडूच्या पारड्याला मी खालून चिंचेचा गोळा चिकटवला, म्हणजे तेवढी अफू जास्त तोलली जाईल. सीताबर्डीच्या एका वाण्याला हेच करताना मी पकडलं होतं, चारचौघांत त्याची अब्रू काढली होती. हे रिकामा काटा कधी तपासत नसत. दोन दिवसांत घर निवलं. खडू झिजत गेला, मी चिंच वाढवत गेले. "पाह्यलं काय वं, राग कसा पळाला! मन घट्ट पाहिजे," असं हे कौतुकाने सांगत, आणि मी हो म्हणत असे.

मग निमोनिया झाला. शेवटच्या संध्याकाळी माझा हात धरून म्हणाले, "तुले लई छळलं मी तवा. माफ कर वं."

"असं काहून म्हणता जी? झालं गेलं."

ओठांवर आलं होतं... त्यांचं समाधान मोडू नये म्हणून गिळलं, असं मी मनाला सांगते. खरं तर मला माझीच अब्रू प्यारी होती. त्यांनी माफी मागितली. मी मागितली नाही.

परवा लकडगंजहून माझी मावसबहीण गोदा आली. तिच्या नवऱ्यानेही हाच उपाय धरला आहे. तिचा गाल सुजलेला होता. "बाई, भाऊजींचा राग तू कसा सोसला वं?"

"सोसला नाही गोदे," मी म्हटलं, आणि पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं सांगितलं. वाटलं, आता ही मला नावं ठेवील. तिने पदराने डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "चिंच किती लावत होती?"

मी तिच्या गालाकडे पाहिलं... आणि सांगितलं.