साडूभाऊंचा एडिटर आणि दादांची उघाडी

एखादी गोष्ट निवडायला माझ्या साडूंइतका वेळ लावणारा माणूस अजून जन्माला यायचाय, आणि आलाच तर नाव ठरेपर्यंत त्याचं बारसं राहून जाईल. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान रोह्याला असतात. कंपनीतून निवृत्त झाले आणि प्रोग्रॅमिंगच्या नादाला लागले. दरवर्षी गणपतीची मूर्ती ठरवायला ते आमच्याकडे पेणला येतात आणि रामवाडीपासून सुरुवात करून सगळे कारखाने पालथे घालतात. एका मूर्तीची सोंड आवडते, तर दुसरीचे डोळे. एका चतुर्थीला त्यांची मूर्ती घरी पोचली, तेव्हा गुरुजी वाट बघून, दुसऱ्या दोन घरच्या पूजा आटोपून परत आले होते.

जुन्या लॅपटॉपवर त्यांनी विंडोज काढून लिनक्स टाकलं, तिथवर ठीक होतं. पण प्रोग्रॅम लिहायला एडिटर लागतो, म्हणजे लिहायला वही लागते तसा, आणि लिनक्सवर हे एडिटर फुकट आणि उदंड. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! विम नावाच्या एडिटरच्या कळा पाठ करण्यात चार महिने गेले. त्या पाठ झाल्या आणि कुणीतरी ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरची स्तुती केली. ईमॅक्समध्ये कंट्रोलची कळ सारखी दाबून करंगळी दुखायला लागली, तिला आठवडाभर तेल चोळणं झालं. मग अक्षरांचे रंग. "हा राखाडी फार उदास वाटतो हो," ते मला फोनवर सांगायचे आणि मी कुकरच्या शिट्ट्या मोजत "हो, हो" म्हणायचो. "लिहिलंत काय?" असं विचारलं, की म्हणायचे, "अहो, बैठक जमल्याशिवाय गाणं कसं सुरू करायचं?" तीन वर्षं नुसती बैठकच चालली होती.

लिहायचं होतं ते मात्र इवलंसं. त्यांचे थोरले बंधू, दादा, पेणजवळ गडब गावी भातशेती करतात. शेत खाडीकडेला. बांधाला उघाडी आहे, म्हणजे पाणी सोडायचं दार. भरतीआधी तिच्या फळ्या लावल्या नाहीत तर खारं पाणी आत येतं. दादांना त्यासाठी घड्याळ कधी लागलं नाही. "तिथीची पाऊणपट कर, भरतीची येळ मिळते," एवढंच त्यांचं गणित; म्हणजे चतुर्थीला भरती तीन वाजता. पण अलीकडे दादांना तिथीच आठवेनाशी झाली. सकाळी चारदा विचारायचे, "आज काय हाय गो?" आणि त्यांची बायको, म्हणजे वहिनी, चारदा सांगायच्या. साडूभाऊंनी शब्द दिला होता, की भरतीआधी लॅपटॉपच दादांना हाक मारेल.

गेल्या वर्षी भाद्रपदातल्या अमावास्येला वहिनी दवाखान्यासाठी पेणला आल्या होत्या. दादा पडवीत बसून राहिले आणि भर दुपारी उधाणाचं पाणी पोटरीला आलेल्या, लोंब्या फुटायच्या बेतातल्या भातात शिरलं. आम्ही पोचलो तेव्हा ते बांधावर उभे होते. "मला कुनी हाक नाय मारली रे," म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. मला साडूंचा भयंकर राग आला होता, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन ते दादांच्या पडवीत बसले. लिनक्सबरोबर आयता येतो तो नॅनो नावाचा साधा एडिटर, त्यांनी तीन वर्षं ज्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, तोच उघडला. वहिनींनी कॅलेंडरवरून तिथ्या वाचल्या, पाऊणपट दादांनी तोंडी केली, एकही चुकली नाही, आणि दिवे लागायच्या आत प्रोग्रॅम चालू झाला. घंटेकडे दादा लक्ष देणार नाहीत म्हणून हाक साडूंच्याच आवाजात भरली. ती मात्र सात वेळा घसा खाकरून, सातातली एक निवडून. "दादा, उघाडी लाव."

लॅपटॉप तिथेच कोनाड्यात असतो. हाक आली, की दादा उठतात. "व्हय रे, चाललो," म्हणतात आणि फळ्या लावायला जाता जाता वहिनींना सांगतात, "भाऊ आलाय गो, चहा ठेव त्याला."

वहिनींनी हे मला सांगितलं, मी साडूंना सांगितलं. मला वाटलं, आता आवाज बदलायचं काढतील आणि त्यात आणखी तीन वर्षं जातील. पण नाही. आता उधाणाच्या दिवशी, म्हणजे दर पुनवेला आणि अमावास्येला, ते रोह्याहून गाडी पकडतात, गडबजवळच्या कासू स्टेशनला उतरतात आणि हाक येण्याआधी पडवीत जाऊन बसतात. हाक येते. शेजारी बसलेल्या भावाला सोडून दादा कोनाड्याकडे बघत "व्हय रे, चाललो" म्हणतात. साडूभाऊ उठून त्यांच्या मागोमाग बांधावर जातात, आणि परत आल्यावर त्यांच्यासाठी ठेवलेला चहा पितात.