टिपणिसांची घंटी

नंदकिशोर टिपणीस माणूस वाईट नव्हता हो, नुसता आडमुठा होता. तुर्भ्याच्या एका कारखान्यात यंत्रांना लावायचे काउंटर बनवायचं त्यांचं काम. यंत्रातून एक वस्तू बाहेर पडली की बारा व्होल्टचा एक पल्स, म्हणजे विजेचा ठोका, येतो. मोजणाऱ्या चिपला मात्र पाचाच्या वर सोसत नाही, जळून जाते बिचारी. म्हणून दोघांच्या मधे टिपणीस एक छोटं सर्किट बसवत. ते बाराचे पाच करी. इकडचा जोर तिकडे झेपेल एवढाच पोचवायचा, हे त्यांना हातचं काम होतं. घरी मात्र कधी जमलं नाही.

घर नेरूळला, शहाऐंशी साली घेतलेलं. इमारतीतल्या निम्म्या खोल्यांना कुलपं, संध्याकाळ झाली की खाडीकडून कोल्हेकुई. अरुणाताई गिरगावात वाढलेल्या. "इथे बोलायला माणूस नाही, भिंतींशी किती बोलू?" म्हणत त्यांनी वर्ष काढलं. एका सकाळी भांडण झालं आणि टिपणीस बोलून गेले, "जायचं तर जा, किल्ली ठेवून जा." बाईंनी खरंच किल्ली टेबलावर ठेवली आणि गिरगावात भावाकडे गेल्या.

रुसून गेलेल्या बायकोला नवऱ्याने आणायला जावं, अशी आपली रीत. टिपणीस म्हणत, गेली आपल्या पायांनी, येईलही आपल्या पायांनी. मोडेन पण वाकणार नाही! पण ती आली आणि आपण कामावर असलो तर? ही धास्ती त्यांना आतून खाऊ लागली. त्यातच विजेच्या टंचाईपायी कारखान्याची सुट्टी रविवारची शुक्रवारी गेली. शेवटी त्यांनी दारावरच्या घंटीलाच काउंटर जोडला.

घंटी आठ सेलांवर चालायची. विजेची कर्कश वाजते म्हणून अरुणाताईंसाठीच त्यांनी ही मंजुळ घंटी मुद्दाम शोधून आणली होती. बारा व्होल्टची घंटी, पाचाचा काउंटर, मधे नेहमीचं सर्किट. आकडा दाराच्या वरच्या काचेमागे घरच्या विजेवर लाल चमके. रोज जिना चढताना त्यांची नजर आधी तिकडे जाई. रोज शून्य. कुलूप काढायचं, खिचडी टाकायची, एकट्याने जेवायचं. रेडिओ लावला तर घर जास्तच रिकामं वाटे, म्हणून तोही बंद. दिवाळी गेली, संक्रांत गेली. आली नाही म्हणजे तिला यायचंच नाही, अशी त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली.

माघातल्या एका शुक्रवारी शेजारच्या शिरवणे गावची सगुणा मासळीची पाटी घेऊन जिन्यात बसली होती. अरुणाताई तिचं नेहमीचं गिऱ्हाईक. ती म्हणाली, "भाऊ, तुमची बाय दिवाली झाल्यावर मंगारी आली व्हती ना? ऐतवारी. घंटी वाजवीत किती येल उभी व्हती. मंग डोले पुशीत गेली. मना वाटला, तुमीच घालवली."

टिपणिसांनी घंटीचं बटण दाबलं. घंटी वाजली, पण दबकी. काउंटर शून्यावरच. त्यांना आपल्याच कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. सेल उतरून बाराचे जेमतेम सात राहिले होते. सर्किटने त्यांचे तीनही पुरते केले नसतील, आणि एवढ्याला चिप दाद देत नाही. कारखान्यात प्रत्येक काउंटर ते कमी व्होल्टवर तपासूनच बाहेर सोडत. घरच्यावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवला.

तसेच उठून ते गिरगावात गेले. अरुणाताईंनी दार उघडलं, पाणी दिलं. टिपणिसांनी सुट्टीचं सांगितलं, सेलचं सांगितलं, कागदावर सर्किटही काढून दाखवलं.

"काचेतून लाल दिवा दिसत होता," त्या म्हणाल्या. "रविवार होता. घंटी आत वाजलेली मी ऐकली. म्हटलं, घरात आहेत, पण दार उघडायचं नाही त्यांना."

"अगं, तो दिवा काउंटरचा. तू आलीस की कळावं म्हणूनच तर लावला होता."

"मोजत बसण्यापेक्षा एकदा न्यायला यायचं होतं," त्या म्हणाल्या. "आता मी इथल्या बालवाडीत लागले आहे. मुलं वाट बघतात माझी."

टिपणीस एकटेच परतले. येताना आठ नवे सेल आणले, घातले. मग बाहेर जाऊन दार ओढून घेतलं आणि स्वतःच्याच घराची घंटी वाजवली. काचेमागे लाल एक उमटला. शून्यावर आणायचं बटण आत होतं, पण पुढे कितीतरी दिवस त्यांनी त्याला हात लावला नाही.