कोऱ्या पानातून निघालेली ड्यूटी लिस्ट

रुग्णालयात तिला सगळे ताई म्हणतात. मेट्रनसुद्धा, आणि मेट्रन तिच्याहून वीस वर्षांनी मोठ्या आहेत.

ताई परिचारिकांची ड्यूटी लिस्ट काढते. आधी ती अपघात विभागाच्या नोंदणी खिडकीवर पाळ्या करायची. सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा तिने घरी कोड लिहायला शिकून घेतलं. लिस्ट आपोआप निघेल अशी स्क्रिप्ट बनवली आणि तिच्या जोरावर ही दिवसाची खुर्ची मिळवली.

गेले तीन आठवडे तीच स्क्रिप्ट निवृत्त झालेल्या एका सिस्टरना रात्रपाळी लावत होती. शेवटी मेट्रनने बजावलं, "आज चारपर्यंत लिस्ट बरोबर निघाली नाही, तर मी हाताने लिहायला घेते. तू खिडकीवर परत."

दुपारी दोनला तिने मला रेकॉर्ड रूममधून बोलावलं.

"ताई, मी साहित्य शिकलोय. यातलं मला ओ की ठो कळत नाही."

"ज्यांना कळतं ते संगणक बंद-चालू करून गेले. तू नुसतं वाच. सिस्टरचं नाव कुठे दिसतंय?"

मी तीन वेळा वाचलं. नाव नव्हतं. तिने ते कधीच काढलं होतं. तिने पुन्हा सेव्ह केलं, लिस्ट काढायचं बटण दाबलं. सिस्टर रात्रपाळीला हजर. ब्राउझरमधली जुनी साठवण पुसली. हजर. शेजारच्या टेबलावरचा संगणक मागून घेतला. तिथेही हजर.

"नोकरीत असताना इतक्या वेळेवर कधी आल्या नाहीत," ताई म्हणाली.

"सगळंच खोडून बघ ना," मी म्हणालो. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. मग कोडची प्रत दुसरीकडे ठेवली आणि पान कोरं केलं. सेव्ह. बटण.

लिस्ट निघाली. एकशे बारा नावं, सिस्टर धरून.

मी त्या पानाकडे बघतच राहिलो. परीक्षेत कोऱ्या पानाला मला कधी अर्धा गुणही मिळाला नव्हता.

"म्हणजे बटण हे पान वाचतच नाही," ताई हळूच म्हणाली. तिने प्रकाशित, म्हणजे पक्क्या करून ठेवलेल्या, आवृत्त्यांची यादी उघडली. एकच होती, सहा महिन्यांपूर्वीची. शेजारी तिनेच लिहिलेली टीप: 'मेट्रनची सही झाली आहे. बदलू नये.'

सही झालेल्या कागदावर खाडाखोड करायची नाही, हा तिथला नियम. ताईने तो स्क्रिप्टलाही लावला होता. बटण सही झालेल्या आवृत्तीला बांधलं आणि विसरून गेली. तीन आठवडे ती कच्चा मसुदा सुधारत होती.

तिने कोड परत जागेवर आणला. तीन चाळीस झाले होते.

"कर की प्रकाशित. एक बटण तर आहे."

"सहीशिवाय?"

तिने बदल छापले आणि दोन मजले चढून मेट्रनच्या खोलीत गेली. मी मागोमाग.

"म्हणजे चूक माझ्या नियमाची?" मेट्रनने विचारलं.

"नाही मॅडम. नियम नीट पाळला गेला, एवढंच झालं."

मेट्रनने न कळणारी दोन पानं शेवटपर्यंत वाचली आणि दोन्हींवर सही केली. ताईने खाली येऊन नवी आवृत्ती प्रकाशित केली, बटण तिला बांधलं, आणि चारला दोन मिनिटं कमी असताना लिस्ट बरोबर निघाली.

खुर्ची वाचली. मेट्रन खूश झाल्या. इतक्या, की संध्याकाळीच त्यांनी परिपत्रक काढलं: यापुढे प्रत्येक बदलावर तीन सह्या.

ताईने ते स्वतः फलकावर लावलं. चारही टाचण्या मारून.