सणांचंही सासर असतं

आटपाट नगर कुठलं, आमची बडोद्याची वाडीच ती. तिथं एका भिंतीला पाठ लावून दोन घरं. एकात मी, दुसऱ्यात मार्थाबाई. मी नवरात्रात घट बसवणारी, ती रविवारी चर्चला जाणारी. मी शाळेचा उंबरा चढले नाही, ती पस्तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स. शेजार चाळीस वर्षांचा झाला की किस्से जिन्याखालच्या चपलांसारखे साठतात. कुठला कुणाचा ते कळत नाही, पण टाकवतही नाहीत! त्यातले हे तिच्या समूचे.

*

समू म्हणजे मार्थाबाईचा एकुलता मुलगा. भरूचला केमिकलच्या कारखान्यात होता. तिथं तो एका कडक प्रार्थनासभेत जायला लागला. तीन वर्षांपूर्वी नाताळला बायको रिबेका आणि छोटी नेमी यांना घेऊन आला आणि दारातच थबकला. कोपऱ्यात मार्थाबाईचं नेहमीचं झाड, कापसाचा बर्फ लावलेलं.

"आई, हे येशूचं नाही. थंड देशातले जुने लोक, येशूचं नावही न ऐकलेले, ते हिवाळ्यात हिरव्या फांद्या घरात आणायचे. हे त्यांचं आहे!"

मी तिथंच नाताळच्या करंज्या भरत बसले होते. म्हटलं, "मग बरंच की रे! थंडीत हिरवं राहणं काय सोपं आहे? माझी तुळस बघ, डिसेंबरात नुसती काडी!"

रिबेका हसली, मार्थाबाई हसली. समू नाही. संध्याकाळच्या बसनं तिघंही परत गेली. झाकून ठेवलेली ताटं दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी संपवली. एकही घास गोड लागला नाही.

*

पुढच्या नाताळला समू आलाच नाही. फोन आला. मार्थाबाईनं स्पीकरवर टाकला, म्हणजे मलाही ऐकू यावं.

"आई, बायबलात तारीखच दिलेली नाही. पंचवीस डिसेंबर म्हणजे रोमच्या लोकांचा सूर्याचा सण होता. तो आपण कसा करायचा?"

मार्थाबाई म्हणाली, "समू, बाळ जन्मलं हे तर नक्की ना? अरे, माझ्या वॉर्डात खेड्यातल्या बायका यायच्या. आधीचं मूल कधीचं विचारलं तर म्हणायच्या, होळीच्या दुसऱ्या दिवसाचं. तारीख नाही म्हणून काय आम्ही पोरं परत पाठवली?"

मलाही राहवलं नाही. "माझी तरी जन्मतारीख कुणाला ठाऊक आहे! आधार कार्डावर एक जून लावलाय. नातवंडं त्या दिवशी केक आणतात. मी 'पुरावा दाखवा' म्हणत नाही, खाते!"

मग मीच विचारलं, "समू, तू प्रार्थनेला रविवारी जातोस ना? तो वार कुणाचा रे? सूर्याचाच की!"

"काकू, आम्ही त्याला प्रभुवार म्हणतो."

"बरं. आणि शनिवारी अर्धी सुट्टी घेतोस, ती कुणाकडून?"

फोनमधून फस्सकन हसू आलं आणि फोन कट! मार्थाबाई फोन हातात धरून बसली. "हसला ग ताई," म्हणाली. "पण आला नाही."

*

मग ईस्टर. रिबेकानं नवऱ्याला चोरून फोन केला. "आई, नेमीला अंडी रंगवायचीत. पण हे म्हणतात, ईस्टर हे नावच इंग्रजांच्या कुठल्याशा जुन्या देवीचं. पहाटेची देवी होती म्हणे."

तेवढ्यात मागून समूचा आवाज आला, "कुणाशी बोलतेस?" रिबेकानं घाबरून फोन त्याच्याच हातात दिला आणि इकडे मार्थाबाईनं माझ्या!

आता काय बोलायचं? तोंडात आलं ते बोलले. "समू, माझं माहेरचं नाव चंद्रभागा. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'सुमती' लिहिलं आणि मी सुमती झाले. पण पादरा गावाहून माझा भाऊ येतो तो अजून 'चंद्रे' म्हणूनच हाक मारतो. मग मी काय या घरची नाही? सणांनाही सासर असतं रे. कुणाचं नाव बदलतात, कुणाचं माहेरचंच राहतं. रांधतात मात्र सासरी!"

समू म्हणाला, "काकू, तुम्ही आमच्या प्रार्थनासभेच्या पाळकांना भेटू नका हं!"

त्या ईस्टरलाही तो आला नाहीच.

*

गेल्या डिसेंबरात मार्थाबाईनं हाक मारली. "ताई, जरा हात लाव." तिनं माळ्यावरून झाड, लाइटच्या माळा, सगळं खाली काढलं आणि चर्चमधल्या पोरांना देऊन टाकलं. मी म्हटलं, "अगं, तुझ्या लग्नापासूनचं हे!" तर म्हणाली, "झाड काय करायचंय? पोर पाहिजे."

मग समूला फोन. "घरात काही लावलेलं नाही. चार भिंती आहेत आणि मी आहे. ये."

चोवीस तारखेला दुपारी दारात टेम्पो. समू उतरला, रिबेका, नेमी. मग गादीची वळकटी. मग गॅसचा सिलिंडर! मी गॅलरीतून ओरडले, "अरे, सणाला कुणी सिलिंडर घेऊन येतं का?"

"काकू, बडोद्यातच, मकरपुऱ्याला नोकरी लागली. आता इथंच!"

मार्थाबाईनं गादीची वळकटी स्वतःच उचलायला घेतली. मी खाली धावले, रिबेकानं आणि मी ती आत नेली.

नेमीनं सगळं घर पालथं घातलं. परत येऊन आजीपुढं उभी. भरूचच्या शाळेतली पोर, गुजरातीच तोंडात. "आजी, स्टार क्यां छे?" नाताळला दाराबाहेर टांगतात तो चांदणीचा कंदील कुठंय, विचारत होती.

मार्थाबाईनं समूकडं बघितलं. समूनं फरशीकडं. नेमीचा ओठ खाली वळला.

समूनं पायात चपला सरकवल्या आणि निघाला. पुन्हा गेला की काय! मी मागोमाग बाहेर आले, तर हा माझ्याच दारात उभा.

"काकू, तुमचा आकाशकंदील आहे ना?"

"आहे. पण तो दिवाळीचा रे! लक्ष्मीपूजनाला लावलेला!"

"काकू," समू म्हणाला, "स्टूल कुठंय?"