ताटाबाहेरची शितं

जपानच्या सहलीत सुरुवातीचे दिवस मी हॉटेलांच्या बाहेर बाकावर बसून जेवलो. आत मुलगा आणि सूनबाई, बाहेर मी, मांडीवर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. कारण अमेरिकेत, मुलाच्या सनीव्हेल गावात झालेलं एक जेवण.

माझी शाळा चौथीला सुटली, पुढे जन्मभर गवंडीकाम केलं. पण जेवायला बसलो की ताटाभोवती पाणी फिरवायचं आणि भाताची चार शितं ताटाबाहेर ठेवायची, हे कधी सुटलं नाही. सनीव्हेलला मुलाने त्याच्या साहेबाला जेवायला नेलं, सोबत मलाही. मी पाणी फिरवलं. टेबल कललेलं होतं, गवंडी असून माझ्या लक्षात आलं नाही. पाणी सरळ साहेबाच्या फोनखाली. वेटर धावत आला, पाणी पुसलं आणि शितंही त्याच फडक्यात गोळा करून कचऱ्यात टाकली.

"बाबा, बाहेर हे बंद," मुलगा गाडीत म्हणाला. "आणि करता तरी कशाला?"

"माझे वडील ठेवायचे म्हणून."

"हे काय उत्तर झालं?"

"मग माझं बाहेर जेवणंच बंद."

ते मी पाळलं. जपानला निघताना सूनबाईने मुकाट्याने दशम्यांचा डबा भरला.

बाहेर राहिल्याने बघायला मात्र खूप मिळालं. दुकानांच्या काचेत भाताचे वाडगे, शेवया, भजी मांडलेली. मला वाटलं, रोज एवढं रांधून रात्री टाकून देतात की काय! सूनबाई म्हणाली, "बाबा, प्लास्टिकचं आहे ते." मी काचेला नाक लावून पाहिलं. भज्यांचा कुरकुरीतपणासुद्धा जमवला होता पठ्ठ्यांनी. एका किल्ल्याची भिंत नुसती दगडावर दगड, चुना नाही, सिमेंट नाही. सांध्यात बोटं घालून बघत होतो, तर पहारेकरी आला आणि कमरेत वाकून मला बाजूला व्हायला सांगू लागला. इतक्या अदबीने मला कुणी हटकलं नव्हतं.

मग डोंगरावरच्या एका देवळात मुक्कामाला गेलो. तिथे सगळं शाकाहारी. आणि दशम्या नेमक्या संपलेल्या.

"बाबा, आज जेवा. फक्त..." मुलगा म्हणाला.

"फक्त काय?"

"काही नाही."

चटईवर बसलो. समोर बुटका पाट, त्यावर टोफू, शिजवलेला भोपळा, सूप, भात. देवळाचे म्हातारे पुजारी आमच्याच पंगतीला बसले. त्यांनी काड्या उचलल्या, वाडग्यातली थोडी शितं घेतली आणि बाजूच्या छोट्या बशीत ठेवली. मग जेवायला लागले.

मी मुलाला कोपर मारलं. "बघितलंस?"

"बघितलं."

"सूनबाई, विचार त्यांना, कशाला ठेवता."

ती फोनमध्ये बोलली, फोन जपानीत बोलला. पुजारी हसले, काहीतरी म्हणाले. सूनबाईने फोन वाचला, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "त्यांचे गुरू ठेवायचे म्हणून."

मुलाने तोंड सूपच्या वाटीत घातलं. मी हसलो नाही, पाहुणा होतो ना.

पुजारी पुढेही बोलले. जे भुकेले आहेत पण दिसत नाहीत, त्यांच्यासाठी. आणि बशी माझ्याकडे सरकवली. मी माझी शितं त्यांच्या शितांशेजारी ठेवली. पाणी फिरवलं नाही. चटई त्यांची होती.

जेवण झाल्यावर ते बशी घेऊन बाहेर निघाले. मीही देवळातल्या लाकडी चपला घालून खडखडत मागे. आमच्याकडे ही शितं कुठे जातात, याचा मी कधी विचारच केला नव्हता. त्यांनी ती एका सपाट दगडावर ठेवली. उजेड होता अजून. आम्ही दोघे म्हातारे बाजूला उभे राहिलो. चिमणीएवढा एक पक्षी आला, त्यांचीही टिपली, माझीही.

सनीव्हेलला परतल्यावर, परवा रविवारी मुलगा म्हणाला, "चला बाबा, जेवायला." मी चपला घातल्या. हॉटेलात बसल्यावर त्यानेच वेटरला सांगितलं, "एक छोटी प्लेट एक्स्ट्रा दे."

वेटर आपल्याकडचाच निघाला, नागपूरचा. "चटणी पाहिजे का?"

"नाही रे. माझे वडील ठेवतात म्हणून."

जेवलो. मग ती प्लेट घेऊन पार्किंगमधल्या झाडाखाली गेलो. मागून मुलगाही आला, कोण येतंय ते बघायला.