डबलरोटी खाणारा नवरदेव

माझा एक पुतण्या पुण्यात असतो. दिवाळीत गावी आला की तो मला बर्गर समजावून सांगतो. अमेरिकेत म्हणे प्रांताप्रांताचा बर्गर वेगळा. कुठे कांदा टिक्कीतच दाबून भाजतात, कुठे चीज पोटात भरतात, कुठे वरून मिरच्यांचं कालवण ओततात. हे सगळं तो अशा थाटात सांगतो, जणू मी आयुष्यभर झाडपाला खाऊन जगलो. मी ऐकून घेतो. हॅम्बर्गरपायी त्याची काकू माझ्या हातची जाता जाता राहिली होती, हे त्याला कुठे ठाऊक आहे!

आमच्या वेळी, म्हणजे ऐंशीच्या आगेमागे, तुमसर तालुक्यात बाहेर खाणं म्हणजे स्टँडसमोरचं हॉटेल. हॉटेल म्हणजे एक कढई, दोन बाकडी आणि मालकाचा वैताग. सकाळी पोहे, दुपारी आलुबोंडा, संध्याकाळी उरलेला आलुबोंडा. या सगळ्यावर तर्री. चण्याच्या रस्स्यावर तरंगणारं ते लालभडक तेल डोळ्यांतून पाणी काढी आणि त्या पाण्यालाच आम्ही चव म्हणत असू. ‘तर्री कमी टाक’ म्हणणारा माणूस एक तर परगावचा असे, नाहीतर मूळव्याधीचा.

पाव मात्र या खाण्यात नव्हता. आमच्याकडे पावाला डबलरोटी म्हणत आणि डबलरोटी हे औषध होतं. ती घरात यायची ती डॉक्टरनं भात बंद केल्यावर. टायफॉइडवाल्यानं ती चहात बुडवून खायची, बाळंतपणात अंथरूण धरलेलीनं खायची, आणि आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्यानं सोबत न्यायची. बेकरीवाला सायकलवर टिनाची पेटी घेऊन गावात शिरला आणि एखाद्या दारापुढे थांबला, की अर्ध्या तासात त्या घरी गाव लोटे. ‘कोन बिमार हाय?’ असं विचारायचीही गरज नसे. धडधाकट माणसानं हौसेनं डबलरोटी खाणं म्हणजे हौसेनं सलाईन लावून घेण्यासारखं होतं.

हे ज्याला कळायला हवं होतं तो माझा जिवलग मित्र. शाळेपासूनचा. तो सहा महिने नागपूरला एका मोठ्या हॉटेलात गल्ल्यावर बसला आणि परत आला तो उंटावरचा शहाणा होऊन. त्या हॉटेलातल्या भिंतीवर हॅम्बर्गरचं रंगीत चित्र होतं. खाल्ला त्यानं एकही नव्हता. पण चित्र सहा महिने पाहिलं होतं, आणि आमच्या भागात तेवढा अनुभव असलेला दुसरा माणूस नव्हता.

“यंदाच्या मंडईत हॅम्बर्गरचं दुकान लावतो,” तो म्हणाला. “पाहाजो, लोक आलुबोंड्याचं नाव नाई घेत मंग.”

आमच्याकडे मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळी झाली, की एकेका गावाची एकेका दिवशी जत्रा भरते, ती मंडई. घरोघरी पाहुणे, दुपारी दुकानं, रात्री नाटक. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, आणि उपवर पोरांवर सगळ्यांचे डोळे असतात. त्या साली त्या डोळ्यांखाली मी होतो.

माझी सोयरीक दिघोरीला जुळत आली होती. दिघोरी म्हणजे लाखांदुराकडे, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. मुलीची आत्या आमच्या शेजारच्या गावात दिलेली, तिनंच हे स्थळ आणलं होतं. मी तुमसरला एका राइस मिलमध्ये कारकून होतो, अंगानं काडीपैलवान. मुलगी पाहायला गेलो तेव्हा मोठ्यांनी पढवून पाठवलेला प्रश्न मी विचारला.

“सैपाक येते काय?”

“येते,” ती म्हणाली, आणि मान वर करून विचारलं, “तुमाले?”

खोलीतल्या सगळ्या बायकांनी श्वास रोखला. माझ्या आईनं पदर सावरला. मी मात्र तिथेच गारद झालो. मला करायची तर हीच बायको करायची, हे त्या एका शब्दावर ठरलं. परतीच्या एस.टी.त मी खिडकीकडे तोंड करून एकटाच हसत होतो. आता फक्त तिच्या बापानं होकार कळवायचा होता. मंडईला बहिणीकडे येऊ तेव्हा सांगू, असा त्याचा निरोप होता.

मंडई भरली ती त्याच आत्याच्या गावात. मित्रानं दुकान थाटलं. टिनाच्या पत्र्यावर लिहून घेतलं, ‘अमेरिकन हॅम्बर्गर, शुद्ध शाकाहारी’. चित्रातला मधला काळपट गोळा कशाचा असतो हे त्यानं कधी विचारलं नव्हतं, म्हणून आलुबोंडा चापट करून पावात घातला. चित्रात हिरवं पान होतं, म्हणून सांबार टाकला. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. आणि चित्रात नसली तरी तर्रीशिवाय त्याच्या जिवाला चैन पडेना, म्हणून वरून पळीभर तर्री. हा भंडारा जिल्ह्याचा पहिला हॅम्बर्गर.

दुपारपर्यंत एकही विकला गेला नाही. गर्दी मात्र खूप. लोक येत, पावाच्या थप्पीकडे पाहत, हळहळत. एका म्हाताऱ्यानं मित्राच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, “घरी कोन बिमार हाय बाबू? एवढी डबलरोटी आनली!” एक बाई पोराला हाताला धरून ओढत घेऊन गेली, आजाराची हवा लागेल म्हणून. शेजारचा भजीवाला खुशीत कढई हलवत होता.

मित्र रडकुंडीला आला. “तू खा,” तो मला म्हणाला. “दुकानासमोर उभा राहून खा. चांगला मानूस खाऊन राहिला हे लोकाईले दिसलं पायजे.”

‘आ बैल मुझे मार’ म्हणतात ते हेच. पण मैत्रीचा प्रश्न होता. शिवाय त्या दिवशी मी स्वतःला फार देखणा समजत होतो. सासरची माणसं दिसणार म्हणून नवा लोकरीचा मफलर घेतला होता. भर दुपारी, कार्तिकातल्या उन्हात, गळ्याला मफलर गुंडाळून मी दुकानापुढे उभा राहिलो आणि खायला लागलो. पहिला संपवला. दुसरा संपवला. लोक थांबून माझ्याकडे पाहत होते, खात कोणीच नव्हतं. तिसऱ्याला तर्री जास्त पडली. डोळे लाल झाले, नाक गळायला लागलं, घाम फुटला, ठसका लागला. मी मफलरानं तोंड झाकून खोकत होतो, आणि समोर मुलीचा बाप उभा होता.

तोंडात डबलरोटी कोंबलेली. नमस्कार करायला हात मोकळा नाही. त्यानं माझ्या हातातला पाव पाहिला, मफलर पाहिला, डोळे पाहिले. मग अगदी मायेनं पुढे होऊन माझ्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलेलंच होतं. तो तसाच मागे वळून निघून गेला. मित्र मागून म्हणाला, “पाह्य, मोठा मानूस येऊन गेला दुकानावर!” त्याला तिथल्या तिथे कढईत टाकावं असं मला वाटलं.

चार दिवसांनी आत्याबाई आमच्या घरी आल्या. हातात पिशवी. पिशवीतून त्यांनी सहा मोसंब्या काढल्या आणि मग एक डबलरोटी काढून आईपुढे ठेवली.

आईचा चेहरा मला अजून आठवतो. आमच्या घरात आजा वारला तेव्हाही डबलरोटी आली नव्हती, तो भात खातच गेला होता.

“हे कायले आनलं?” आई म्हणाली.

“पोराले. भाऊ म्हनत होता, छातीचा फोटो काढून घ्या म्हना. मंग पाहू सोयरिकीचं.”

छातीचा फोटो! म्हणजे एक्स-रे. म्हणजे मला टीबी. गावात हा शब्द फुटला असता तर दिघोरीच काय, पार मध्यप्रदेशाच्या सीमेवरच्या बपेऱ्यापर्यंत मला कोणी मुलगी दिली नसती. आईनं आधी आत्याबाईंचा, मग माझ्या मित्राचा, मग हॅम्बर्गर शोधणाऱ्या अमेरिकेचा उद्धार केला. मी ओसरीवर बसून होतो. टीबीचं मला काहीच वाटलं नाही. ‘तुमाले?’ असं विचारणारी मुलगी हातची गेली, एवढंच वाटत होतं. पावाच्या एका तुकड्यापायी!

फोटो काढायला आई तयार होईना. आमच्या पोराला कसला फोटो, तिचं म्हणणं. सात-आठ दिवस असेच गेले. आणि मग दिघोरीहून अचानक निरोप आला, पोराला एक दिवस जेवायला पाठवा.

याचा अर्थ आम्हाला कोणी समजावून सांगायला नको होता. धानाच्या मुलखात माणसाची तब्येत नाडीवरून नाही, भातावरून कळते. मी जिल्हा ओलांडून गेलो. मफलर घरी ठेवला. तिच्या घरी ओसरीवर पाट मांडला होता आणि समोर तिचा बाप, दोन काका आणि शेजारचे तीन-चार जण काहीच काम नसल्यासारखे बसले होते. नव्या तांदळाचा भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, कोंबडीचा रस्सा. मी जेवत होतो आणि ते बैलाच्या बाजारात बसल्यागत पाहत होते.

पहिलं वाढप मी भुकेनं खाल्लं. दुसऱ्याला एक काका खाकरला. तिसऱ्याला मला आमचं घर आठवायला लागलं. चौथ्याला शर्टाची खालची गुंडी गुपचूप सोडली. पाचव्या वाढपाला दाराआडून बांगड्या वाजल्या, आणि त्या आवाजावर मी ते ताट पुसून खाल्लं. बापानं सुपारी कातरली. “बरं हाय,” तो म्हणाला. एवढाच होकार. परतताना दिघोरी ते भंडारा मी एस.टी.त उभा राहून आलो, कारण बसलो असतो तर पोट फुटलं असतं.

उन्हाळ्यात लग्न झालं. पाच वाढपांची कथा मी पुढे बारशात सांगितली, वर्षश्राद्धाच्या जेवणात सांगितली, मिलमध्ये तर हमालांना पाठ झाली. मर्दानं बायको कशी जिंकून आणावी, यावर मी अधिकारी माणूस झालो होतो.

मित्राचा हॅम्बर्गरही मेला नाही. भजीवाल्यानं आधी हसून घेतलं आणि पुढच्या साली पावात भजी घालून तोच पत्रा लावला. मग मंडईमंडईचा हॅम्बर्गर वेगळा झाला. नाकाडोंगरीकडे अख्खा समोसा पावात चिरडत. बपेऱ्याला, मध्यप्रदेशाच्या हवेनं, मुगाचे मंगोडे आणि सोबत जिलेबी. लाखांदुराकडे लाखोरीच्या डाळीचा वडा. पवनीच्या बाजूला कोणी सुकट घातल्याचंही ऐकलं, पण ते मित्रानं पसरवलेलं असावं. प्रत्येक जण आपलाच अस्सल अमेरिकन म्हणून भांडे. डबलरोटी आजाऱ्याची राहिली नाही. आजारी माणसाला बिस्किटं नेऊ लागले.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा मित्रानं तुमसरला स्टँडजवळ पक्कं हॉटेल काढलं. पहिल्या दिवशी आम्हा दोघांना त्यानं मानाचे पाहुणे म्हणून बसवलं. माझ्यापुढे हॅम्बर्गर, बायकोपुढे नुसता चहा. ती पावाला शिवत नसे. शेजारच्या बाकड्यावर ओळखीची चार माणसं होती, मी लगेच कथा लावली. तिसऱ्या वाढपापर्यंत आलो असेन.

“भाताचं काई नाई,” बायको चहात पाहत म्हणाली.

“म्हंजे?”

“बाबूजीनं मनातून नाई म्हनूनच टाकलं होतं. घरी आल्यावर मले म्हने, पोरगा डबलरोटीवर हाय. मी म्हनलं, मंग मलेबी फोटो काढाले न्या. मीबी खाल्ली.”

तिच्या घरच्या पोरींनी मंडईत पाऊल टाकायचं ते आत्यासोबत, आणि पुरुषांनी घरी आणून दिलं तेवढंच खायचं. दुकानापुढे उभं राहून, परक्या माणसाच्या हातचं खाल्लं, हे बापाच्या तोंडावर सांगणं म्हणजे काय, ते मला कळत होतं.

“खरंच खाल्ली?”

“तुमी गेल्यावर. आतेबहिनीले संग घेऊन. मीबी आली होती ना आतीकडे मंडईले, दुरून पाहत होती. एवढे रडून राहिले अन् तरी खाऊन राहिले, तर हाय तरी काय म्हनलं. बाबूजी आठ दिवस बोलले नाई माह्याशी. मंग आपलंच नाक राहावं म्हनून तुमाले जेवाले बलावलं. एक वाढप खाल्लं असतं तरी चाललं असतं.”

बाकड्यावरची चार माणसं हसत होती. मला हसू येत नव्हतं, भरून आलं होतं. एवढी वर्षं मी जिच्यासाठी लढलो म्हणून मिरवत होतो, तिनं माझ्या आधीच, एकटीनं, आपल्या बापाशी ती लढाई संपवली होती.

“मंग मले सांगतलं काहून नाई?”

“एवढं खाल्लं होतं तुमी,” ती म्हणाली. “जीवाले लागलं असतं.”

मित्र गल्ल्यावरून ओरडला, “वयनी, चव कशी होती मंग त्या वक्ती?”

“घान,” ती म्हणाली. मग माझ्या ताटलीतला उरलेला अर्धा तिनं उचलला आणि सगळ्यांसमोर शेवटपर्यंत खाल्ला.

तेव्हापासून ती कथा मी सांगत नाही. ती सांगते. तिच्या सांगण्यात वाढपं पाचाची तीन झाली आहेत, आणि मी दुरुस्त करत नाही.