वीस वर्षांपुढचं बोलणं

रुख्मिणीबाईच्या घरात पोटातल्या बाळासाठी आधी टोपडं शिवत नाहीत, झबलं आणत नाहीत, नावही काढत नाहीत. पुढचं मोठ्यानं बोललं की घरातला वास्तुपुरुष ‘तथास्तु’ म्हणतो, ही तिच्या सासूची शिकवण. आणि नेमकं तिलाच, सून नीतू आठव्या महिन्यात असताना, वीस वर्षांपुढचं बोलायला पंचायतीत बोलावणं आलं.

चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर धान पिकवणारं ते गाव. रुख्मिणीबाई रोवणीच्या, म्हणजे चिखलात धानाची रोपं लावणाऱ्या, बायांची म्होरकी. नवरा गेला त्या साली तिनं रडणं आणि रोवणी एकाच पावसाळ्यात उरकली. पोरगा खुमेंद्र कामासाठी हैदराबादला. घरात उरल्या या दोघी.

नागपूरहून मॅडम आल्या होत्या. कुठल्याशा लहान लहान देशांनी, जुना सरकारी कारभार मोडून नवा मांडताना, पुढे कोणतं यंत्र येईल आणि कोणतं काम जाईल हे माणसं बसवून विचारलं होतं म्हणे. आता तेच आपल्याकडे गावोगाव विचारायचं.

"आता सगळ्यात वाईट चित्र सांगा," मॅडम म्हणाल्या.

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. वाईट कोण तोंडातून काढणार? पुष्पाबाईनं, तिच्या शेजारणीनं, रुख्मिणीबाईला ढोसलं. "तू बोल ना माय. रोवणीत तर तुयं तोंड बांधीच्या या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत चालते."

बाया हसल्या आणि रुख्मिणीबाईला चेव आला.

"रोवणीले यंत्र येईल. बाया धुऱ्यावर बसून पाहत राहतील. काम नाही म्हणून पोरं जातील, मागून सुना जातील. गावात लेकरू दिसणार नाही. माझ्याच घरचा पाळणा हलणार नाही!"

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "किती छान मांडलंत, मावशी!" त्यांनी ते पिवळ्या चिठ्ठीवर लिहून भिंतीला चिकटवलं.

टाळ्या थांबल्या आणि रुख्मिणीबाईला आपलेच शब्द ऐकू आले. पाळणा. आपण पाळणा म्हटलं.

"मॅडम, ते काढा जी. तेवढंच काढा."

"अहो, ही नुसती कल्पना आहे. महिन्याभरानं सगळ्यांची मतं सांगून तुम्हाला पुन्हा हेच विचारू. मत बदललं तर तेव्हा बदला. पद्धतच आहे तशी."

महिनाभर! वास्तुपुरुष काय महिनाभर थांबतो?

त्या दिवसापासून तिला घास गोड लागेना. नीतू दुपारी जरा जास्त झोपली की ही उशाशी जाऊन श्वास बघायची. बाळ पोटात शांत राहिलं की ही नीतूच्या पोटावर हात ठेवून बसायची.

"आई, मले काऊन अशा पाहून राहिल्या?" नीतू विचारायची.

"काही नाही. भात उतू गेला का पाहतो."

चुलीवर भात नसायचाच.

शेवटी तिनं पुष्पाबाईजवळ मन मोकळं केलं. पुष्पाबाई हसली. "बोलल्यानं होत असतं तर मी रोज म्हणतो, माया नवरा दारू सोडते. सोडली का त्यानं?"

"चांगलं बोललेलं तो ऐकत नाही, पुष्पा. वाईटच ऐकते."

मग पुष्पाबाईही हसली नाही.

दिवस भरायच्या आधीच एका सकाळी नीतूच्या कळा सुरू झाल्या. तिरोड्याच्या दवाखान्यात तिला आत नेलं, दार लागलं. बाहेर बाकावर रुख्मिणीबाई एकटी. आतून नीतूचं ओरडणं येत होतं तोवर बरं होतं. मग ते थांबलं. बाळाचं रडणं काही येईना.

तेवढ्यात फोन वाजला. खुमेंद्र असेल म्हणून तिनं घाईनं कानाला लावला.

"मावशी, मी नागपूरची मॅडम. दुसऱ्या फेरीसाठी फोन केला. तुमचं मत तेच आहे की बदललं?"

"बदललं. लिवा. यंत्र येईल, ते राहू द्या. बाया धुऱ्यावर बसतील, तेही राहू द्या. पाळणा काढा."

"बरं. पण मत का बदललं, त्याचं कारण लिहावं लागतं."

"मले भेव लागला."

"भीती हे कारण कसं लिहू, मावशी?"

"मंग कायले विचारता जी पुढचं? भेव नसता तर कोण पुढचं पाहते?"

मॅडम हळूच म्हणाल्या, "लिहिते."

दार उघडलं. नर्स बाहेर आली, चेहऱ्यावरून काही कळेना. "बाळाला गुंडाळायला कपडा द्या. लवकर!"

कपडा? या घरानं आधी कधी कपडा काढून ठेवलाय? रुख्मिणीबाईनं लुगड्याचा पदर दातांत धरला आणि टर्रकन फाडला. नर्सनं तो ओढून घेतला, दार पुन्हा लागलं. बाळ कसं आहे, हे विचारायला हिची जीभच रेटेना. जे बोलू ते होईल, या धाकानं तिनं उरलेला पदर तोंडात कोंबला.

हातातला फोन चालूच होता. "मावशी? कुठे आहात? काय झालं?"

पदर जरा काढून ती पुटपुटली, "चूप बसा जी. ऐकून राहिलो."

आत भांड्याचा आवाज. पावलं. पुन्हा काही नाही. आणि मग दाराआडून एक बारीक, रागावलेलं रडणं आलं. थांबलं. आणि मग आलं ते थांबेचना.

मॅडमलाही ते ऐकू गेलं. "अगंबाई! मावशी, अभिनंदन! आता वीस वर्षांनी हे बाळ—"

रुख्मिणीबाईनं झटकन फोन बंद केला.